चेक इंजिनचा दिवा आणि उत्सर्जन-यंत्रणेतील दोषांचे निदान

मोटारीच्या डॅशबोर्डवरचा इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा मुळात प्रदूषणाचा दिवा आहे. सायलेन्सरमधून ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त घातक वायू बाहेर पडत आहेत किंवा पडू शकतात, असा निष्कर्ष गाडीच्या संगणकाने काढला की तो पेटतो. ऑइलचा दाब घसरला किंवा इंजिन तापले, तर त्यासाठी वेगळे लाल इशारे असतात आणि ते दिसताच गाडी तिथल्या तिथे बंद करावी लागते. पिवळा दिवा स्थिर पेटला असेल आणि गाडीच्या चालण्यात फरक जाणवत नसेल, तर ती सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते. तोच दिवा लुकलुकू लागला तर परिस्थिती गंभीर असते: एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल न जळताच बाहेर जात आहे आणि घातक वायू निरुपद्रवी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळून जाण्याचा धोका आहे, असा त्याचा अर्थ. अशा वेळी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून, वेग कमी करून, शक्य तितक्या लवकर गाडी थांबवणे हाच उपाय.

किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी हा दिवा पेटलाच पाहिजे आणि इंजिन चालू झाल्यावर विझला पाहिजे. किल्ली फिरवूनही तो पेटत नसेल तर एकतर तो जळालेला असतो किंवा कोणी तरी मुद्दाम बंद केलेला असतो. जुनी गाडी घेताना सगळ्यात आधी हेच पाहावे.

या दिव्याचा इतिहास अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसच्या हवेशी जोडलेला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून त्या शहरावर डोळे चुरचुरवणारे तपकिरी धुके साचू लागले होते. १९५० च्या सुमारास कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी दाखवून दिले की गाड्यांतून आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतून निघणारे हायड्रोकार्बन व नायट्रोजनची ऑक्साइड यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन हे धुके तयार होते. १९६७ मध्ये कॅलिफोर्निया एअर रिसोर्सेस बोर्ड स्थापन झाले आणि हागेन-स्मिट त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९७५ च्या मॉडेलपासून अमेरिकी मोटारींत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. पण नवी गाडी स्वच्छ असून भागत नव्हते. चार-पाच वर्षे चाललेली गाडीही स्वच्छ राहते की नाही, हे कळायला हवे होते. प्रत्येक गाडी वारंवार प्रयोगशाळेत नेणे शक्य नाही. म्हणून गाडीने स्वतःचीच तपासणी करावी, या विचारातून कॅलिफोर्नियाने १९८८ च्या मॉडेलपासून ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्स म्हणजे ओबीडी सक्तीचे केले. त्या पहिल्या पिढीत प्रत्येक कंपनीचे कनेक्टर आणि कोड निराळे होते. दुसरी पिढी, ओबीडी-२, १९९६ च्या मॉडेलपासून अमेरिकेतल्या सर्व मोटारींना लागू झाली आणि कनेक्टर, कोड, संवादाची भाषा हे सारे प्रमाणित झाले. युरोपात हीच व्यवस्था पेट्रोल मोटारींसाठी २००१ पासून आली.

भारतात १ एप्रिल २०१० रोजी १३ शहरांत भारत स्टेज ४ हे उत्सर्जनाचे नियम लागू झाले. त्यांत महाराष्ट्रातील मुंबई, पुणे आणि सोलापूर ही शहरे होती. त्याबरोबर ओबीडीचा पहिला टप्पा आला, तर एप्रिल २०१३ पासून दुसरा. पहिल्या टप्प्यात मुख्यतः वायर तुटली आहे का, सेन्सर जिवंत आहे का, एवढेच पाहिले जाई; दुसऱ्यात मिसफायर, कन्व्हर्टरची कार्यक्षमता, ऑक्सिजन सेन्सरचा ऱ्हास यांवर लक्ष ठेवणे आले. स्टेज ४ देशभर लागू व्हायला २०१७ उजाडले. पाचवा टप्पा वगळून १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ आले आणि एप्रिल २०२३ पासून त्याचा अधिक कडक दुसरा टप्पा.

कोड नेमका काय सांगतो

स्टिअरिंगच्या खाली, चालकाच्या गुडघ्याजवळ १६ पिनांचा एक कनेक्टर असतो. गॅरेजमध्ये स्कॅनर लावतात तो इथेच. ब्लूटूथवर चालणारे स्वस्त अडॅप्टर आणि मोबाइलमधले ॲप वापरून सामान्य मालकालाही कोड वाचता येतो. कोड पाच अक्षरांचा असतो. पहिले अक्षर पी असेल तर दोष इंजिन किंवा गिअरबॉक्सशी संबंधित. बी म्हणजे बॉडी, सी म्हणजे चॅसिस, यू म्हणजे संगणकांचा आपसातला संवाद. पुढचा आकडा ० असेल तर कोड सर्व कंपन्यांना समान, १ असेल तर कंपनीचा स्वतःचा. त्यानंतरचा आकडा विभाग दाखवतो: १ व २ म्हणजे हवा-इंधन, ३ म्हणजे प्रज्वलन व मिसफायर, ४ म्हणजे उत्सर्जन-नियंत्रणाची जोडयंत्रणा.

इथवर सोपे आहे, आणि बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. कोड म्हणजे बिघडलेल्या भागाचे नाव, अशी सार्वत्रिक समजूत आहे. प्रत्यक्षात कोड हे नापास झालेल्या चाचणीचे नाव असते. पी०१७१ म्हणजे ‘मिश्रण पातळ’. या कोडवर ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो, कारण मिश्रण पातळ असल्याची बातमी त्याने दिलेली असते. बातमी खरी असेल तर नवा सेन्सरही तीच देणार. पी०४२० वर हजारो रुपयांचा कन्व्हर्टर बदलला जातो आणि दोन महिन्यांनी नवाही निकामी होतो, कारण त्याला मारणारा दोष इंजिनात तसाच राहिलेला असतो. निदानाचे सारे कौशल्य संगणकाने कोणती चाचणी घेतली, कोणत्या परिस्थितीत घेतली आणि ती नापास होण्याची किती कारणे असू शकतात, हे उलगडण्यात आहे.

संगणक एका खेपेवर निर्णय घेत नाही. गाडी सुरू होऊन ठरावीक परिस्थितीतून चालून पुन्हा बंद होणे, हे एक चालनचक्र. बहुतेक चाचण्या एका चक्रात नापास झाल्या तर कोड ‘प्रलंबित’ म्हणून नोंदला जातो, दिवा पेटत नाही. पुढच्या चक्रात तीच चाचणी पुन्हा नापास झाली की दिवा पेटतो. काही गाड्यांत त्यासाठी तीन चक्रे लागतात. कन्व्हर्टर जाळू शकणारा मिसफायर याला अपवाद, तो लगेच दिवा लुकलुकवतो. लागोपाठ तीन चक्रांत चाचणी पास झाली तर दिवा आपोआप विझतो. स्मरणातला कोड मात्र इंजिन ४० वेळा नीट तापून थंड होईपर्यंत राहतो. ‘दिवा आला होता, मग गेला’ अशा गाडीत माहिती शिल्लक असते ती त्यामुळे.

कोड नोंदताना संगणक त्या क्षणाचे चित्रही साठवतो: इंजिनाचा वेग, गाडीचा वेग, कूलंटचे तापमान, इंजिनावरचा भार, इंधनाची दुरुस्ती. याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. दोष थंड इंजिनात आला की गरम, चढावर की सिग्नलला उभे असताना, हे त्यातून कळते. स्कॅनर लावून आधी कोड पुसून टाकण्याची सवय घातक आहे ती याच कारणाने. कोडबरोबर हे चित्रही पुसले जाते आणि सर्वांत मोलाचा पुरावा हातचा जातो.

हवा, इंधन आणि ट्रिम

पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते. कन्व्हर्टर एकाच वेळी तीन कामे करतो. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन यांचे तो ऑक्सिडीकरण करतो आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून घेतो. पहिल्या दोघांना ऑक्सिजन हवा, तिसऱ्याला नको. दोन्ही गोष्टी साधतात त्या या प्रमाणाभोवतीच्या अगदी अरुंद पट्ट्यात. म्हणून कन्व्हर्टरच्या आधी ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो. गॅरेजात त्याला लॅम्ब्डा सेन्सरही म्हणतात. बॉश कंपनीने बनवलेला हा सेन्सर १९७६ मध्ये प्रथम व्हॉल्व्होच्या गाड्यांसाठी आला. झिर्कोनियाचा साधा सेन्सर मिश्रण पातळ असताना ०.१ व्होल्टच्या आसपास आणि दाट असताना ०.९ व्होल्टच्या आसपास दाब दाखवतो, आणि तो तापल्याखेरीज काम करत नाही. म्हणून त्यात हीटर असतो. हीटर जळाल्यास पी०१३५ सारखे कोड येतात. हा निदानाचा सोपा प्रकार: फ्यूज, वायर आणि हीटरचा रोध मोजला की काम संपते.

सेन्सरच्या बातमीनुसार संगणक इंधन कमी-जास्त करतो. या दुरुस्तीला फ्यूएल ट्रिम म्हणतात. क्षणोक्षणी बदलणारी ती अल्पकालीन आणि सवयीने स्थिरावलेली ती दीर्घकालीन. दोन्हींची बेरीज उणे दहा ते अधिक दहा टक्क्यांत असेल तर इंजिन ठीक समजतात. ती अधिक २०-२५ टक्क्यांच्या पुढे गेली की पी०१७१, खाली तितकीच घसरली की पी०१७२. स्कॅनरच्या पडद्यावरच्या सगळ्या आकड्यांत फक्त एकच पाहायचा असेल तर तो हा पाहावा.

पातळ मिश्रणाची कारणे दोन गटांत पडतात: न मोजलेली हवा आत येते, किंवा इंधन कमी पडते. दोहोंत फरक करण्याची युक्ती साधी आहे. ट्रिम आधी आयडलला वाचावा, मग इंजिनाचा वेग २५०० फेऱ्यांवर धरून वाचावा. इनटेक मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून किंवा चिरलेल्या व्हॅक्यूम नळीतून हवा शिरत असेल, तर आयडलला ट्रिम खूप वर असतो आणि वेग वाढवल्यावर खाली येतो, कारण एकूण हवेच्या मानाने गळतीचा वाटा घटतो. इंधनपंप थकला असेल, फिल्टर तुंबला असेल किंवा हवेचा प्रवाह मोजणारा एमएएफ सेन्सर धुळीने माखला असेल, तर भार वाढेल तसा ट्रिम वाढत जातो.

मात्र ही युक्ती सर्व इंजिनांना लागू नाही, आणि परदेशी पुस्तके वाचून काम करणाऱ्यांची फसगत इथे होते. भारतातल्या अनेक लहान पेट्रोल मोटारींत एमएएफ नसतो. मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या एमएपी सेन्सरवरून संगणक हवेचा हिशेब करतो. अशा इंजिनात गळतीतून शिरलेली हवा दाब वाढवते, ती हिशेबात येते आणि तिच्या प्रमाणात इंधनही पडते. मग पातळ मिश्रणाचा कोड येत नाही. आयडल चढते किंवा डगमगते. गळती तीच असली तरी खूण वेगळी, म्हणून गाडीत कोणता सेन्सर आहे हे आधी ठाऊक हवे.

इंधनातला बदलही ट्रिमवर उमटतो. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असल्याने त्याला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलचे प्रमाण १४.७, तर २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या ई-२० चे सुमारे १३.५. जुन्या पेट्रोलसाठी जुळवलेल्या इंजिनाला ई-२० मिळाले की संगणकाला जास्त इंधन सोडावे लागते, म्हणजे ट्रिम आधीच काही टक्के वर सरकलेला असतो. पूर्वी सहज खपून गेलेली बारीकशी गळती किंवा किंचित तुंबलेला इंजेक्टर आता मर्यादा ओलांडून दिवा पेटवू शकतो. दोष इंधनाचा की गाडीचा, या वादात दोन्ही बाजू बहुधा अर्ध्या खऱ्या असतात.

बाहेरून बसवलेले सीएनजी किट हा आपल्याकडचा स्वतंत्र अध्याय आहे. मुंबई-पुण्यात अशा गाड्या खूप आहेत. मूळ संगणक पेट्रोलच्या इंजेक्टरांना आदेश देतो आणि किटचा संगणक ते आदेश अडवून गॅसच्या इंजेक्टरांकडे वळवतो. किटची जुळवणी चुकली की गॅसवर चालताना ट्रिम एकीकडे जातो आणि पेट्रोलवर परत आल्यावर इंजिन अडखळते. अशा गाडीत कोड आला तर तो पेट्रोलवर आला की गॅसवर, हे ठरवणे ही पहिली पायरी. दोन्ही इंधनांवर वेगवेगळे ट्रिम वाचले की उत्तर मिळते.

मिसफायर

गॅरेजच्या बोलीत याला ‘मिसिंग’ म्हणतात. प्रत्येक स्फोटाबरोबर क्रँकशाफ्टला बारीक वेग मिळतो. एखादा स्फोट चुकला की तेवढ्या क्षणापुरता वेग घसरतो. क्रँक सेन्सर हे टिपतो. पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०२ दुसरा, आणि पी०३०० म्हणजे निश्चित एक सिलिंडर नाही. खड्ड्यांच्या रस्त्यावर चाकांतून येणारे धक्केही क्रँकचा वेग हलवतात. म्हणून अनेक गाड्या चाकांच्या सेन्सरवरून रस्ता खराब असल्याचे ओळखून ही तपासणी तेवढ्यापुरती थांबवतात.

एकाच सिलिंडरचा दोष शोधणे स्वस्त आणि खात्रीचे आहे. त्या सिलिंडरची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावावी. कोड कॉइलबरोबर सरकला तर कॉइल खराब. सरकला नाही तर तीच अदलाबदल प्लगची, मग इंजेक्टरची. तरीही दोष जागच्या जागी राहिला तर कॉम्प्रेशन मोजावे. व्हॉल्व्ह किंवा रिंगचा प्रश्न असू शकतो. एकही नवा भाग विकत न घेता हे सारे करता येते. पी०३०० मध्ये मात्र सर्व सिलिंडरांना समान असलेल्या गोष्टी पाहाव्या लागतात: इंधनाचा दाब, भेसळ, हवेची गळती, घसरलेली टायमिंग चेन.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर

पी०४२० हा सर्वाधिक खर्चात पाडणारा कोड, म्हणून त्याची चाचणी नीट समजून घेणे योग्य. कन्व्हर्टरच्या सिरॅमिक जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंबरोबर सिरियाचा थर असतो. हवा जास्त असताना सिरिया ऑक्सिजन साठवते, कमी पडली की सोडते. त्यामुळे कन्व्हर्टरच्या आधीचा सेन्सर सतत वर-खाली होत असताना नंतरच्या सेन्सरची रेषा जवळपास सपाट राहते. साठवण्याची ताकद संपत गेली की मागचा सेन्सरही पुढच्याची नक्कल करू लागतो आणि संगणक पी०४२० नोंदवतो. म्हणजे प्रदूषण थेट मोजले जात नाही. ऑक्सिजनच्या साठ्यावरून त्याचा अंदाज बांधला जातो.

म्हणून कन्व्हर्टरला दोषी ठरवण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात. सेन्सरच्या आसपास एक्झॉस्टला गळती आहे का? चिरलेल्या जोडातून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि मागचा सेन्सर फसतो. ट्रिम मर्यादेत आहेत का? मिश्रण भरकटलेले असेल तर चाचणीलाच अर्थ उरत नाही. मिसफायरची नोंद आहे का? या तिन्हींत काही सापडले नाही आणि गरम इंजिनावर मागचा सेन्सर पुढच्यासारखाच नाचत असेल, तर कन्व्हर्टर संपला.

मग प्रश्न उरतो तो का संपला. न जळलेले पेट्रोल आत जाऊन पेटले तर तापमान हजार अंश सेल्सिअसच्या वर जाते, जाळी वितळते आणि एक्झॉस्ट तुंबून गाडीचा पिकअपच जातो. इंजिन ऑइल खात असेल तर त्यातला फॉस्फरस धातूंवर पुटे चढवतो. हेड गॅस्केटमधून झिरपणारा कूलंट आणि चुकीच्या सिलिकॉन सीलंटच्या वाफाही हेच करतात. भारतात १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला, तेव्हा त्याच्याबरोबर शिसेविरहित पेट्रोल आणावे लागले, कारण शिसे कन्व्हर्टरला मारते. २००० साली शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाले.

मागच्या सेन्सरखाली लांब नळीचा तुकडा बसवून त्याला वायूच्या झोतापासून दूर ओढायचे आणि दिवा विझवायचा, ही ‘जुगाड दुरुस्ती’ बाजारात मिळते. ती दुरुस्ती नव्हे. गाडी पूर्वीइतकेच विष ओकत राहते, फक्त तिची वाचा बंद होते.

बाष्प, ईजीआर आणि थर्मोस्टॅट

चेक इंजिनचा दिवा पेटला की आधी पेट्रोलच्या टाकीचे झाकण घट्ट करा, हा सल्ला इंटरनेटवर सर्वत्र दिसतो. तो अमेरिकेतल्या गाड्यांसाठी बरोबर आहे. तिथे टाकीतली पेट्रोलची वाफ कोळशाच्या डब्यात साठवून इंजिनात जाळणारी ईव्हॅप यंत्रणा हवाबंद आहे की नाही, हे गाडी स्वतः तपासते. अर्ध्या मिलिमीटरचे छिद्रही पी०४५६ नोंदवते, सैल झाकण पी०४५५. युरोपच्या ओबीडी नियमांत ही गळतीची चाचणी सक्तीची नव्हती. पर्ज व्हॉल्व्हचे विद्युत मंडल शाबूत असणे पुरे. भारताचे नियम युरोपच्या वळणाचे असल्याने इथल्या गाडीत झाकणामुळे दिवा पेटण्याची शक्यता कमी. पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकण्याचा दोष मात्र इथेही आढळतो. त्याची खूण ओळखण्याजोगी आहे: टाकी भरल्यावर लगेच गाडी सुरू व्हायला त्रास देते, कारण वाफेने मिश्रण दाट होते.

ईजीआर व्हॉल्व्ह जळालेल्या वायूचा काही भाग परत इंजिनात सोडून ज्वलनाचे तापमान उतरवतो, त्यामुळे नायट्रोजनची ऑक्साइड कमी बनतात. काजळीने तो जाम झाला की पी०४०१ येतो. डिझेलमध्ये हे नित्याचे. बहुधा साफसफाईने भागते.

पी०१२८ म्हणजे इंजिन अपेक्षित वेळेत तापले नाही. ‘गाडी थंड राहावी’ म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकण्याची आपल्याकडच्या काही मेकॅनिकांची जुनी पद्धत आहे. या कोडमागे पुष्कळदा तीच निघते. थंड इंजिनाला संगणक जास्त पेट्रोल देत राहतो, ॲव्हरेज घसरते आणि कन्व्हर्टरवर ताण येतो.

स्टेज ६ चे डिझेल

२०२० नंतरच्या डिझेल गाडीत दिव्याची कारणे बदलली. स्टेज ४ मध्ये डिझेल मोटारीला किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅम नायट्रोजनची ऑक्साइड सोडण्याची मुभा होती, ती स्टेज ६ मध्ये ८० वर आली. काजळीसाठी डीपीएफ हा फिल्टर बसला आणि अनेक गाड्यांत, विशेषतः मोठ्या, एससीआर यंत्रणाही आली. तिच्यात डीईएफचा फवारा मारून नायट्रोजनच्या ऑक्साइडचे निरुपद्रवी नायट्रोजनात रूपांतर होते. डीईएफ म्हणजे शुद्ध पाण्यातले ३२.५ टक्के युरियाचे द्रावण. ड्रायव्हर मंडळी त्याला नुसते ‘युरिया’ म्हणतात.

डीपीएफमध्ये काजळी साठत जाते आणि ठरावीक पातळीला संगणक जादा डिझेल सोडून फिल्टरचे तापमान ५५० ते ६५० अंशांवर नेतो, म्हणजे ती जळून जाते. त्यासाठी गाडी एका गतीने पंधरा-वीस मिनिटे चालावी लागते. रोज पाच किलोमीटर गर्दीतून ऑफिस आणि परत, अशा वापरात हे ज्वलन अर्धवट राहते. पुन्हा पुन्हा अर्धवट राहिले की पी२४६३, म्हणजे काजळी मर्यादेबाहेर. वेळीच महामार्गावर गाडी काढली तर बहुधा भागते. उशीर झाला तर गॅरेजमध्ये स्कॅनरद्वारे जबरदस्तीचे ज्वलन करावे लागते. अर्धवट ज्वलनातले डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते, म्हणून अशा गाडीची डिपस्टिक पाहावी: ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर ते बदलावे. काजळी जळते, पण ऑइलमधल्या रसायनांची राख जळत नाही. त्यामुळे कमी राखेचे, उत्पादकाने सांगितलेले ऑइलच वापरणे इथे अनिवार्य आहे.

डीपीएफच्या आधीच्या व नंतरच्या दाबातला फरक मोजणारा सेन्सर आणि त्याच्या बारीक नळ्या हे निदानातले कच्चे दुवे. नळी तुटली किंवा तुंबली तर फिल्टर चांगला असूनही कोड येतो. महागड्या फिल्टरकडे वळण्याआधी या नळ्या काढून पाहाव्यात. एससीआरचा पी२०ईई, म्हणजे कार्यक्षमता कमी, हाही असाच अनेक कारणांचा कोड: फवाऱ्याच्या तोंडावर युरियाचे खडे, नायट्रोजनची ऑक्साइड मोजणारा नॉक्स सेन्सर बिघडलेला, किंवा मुळात द्रावणच निकृष्ट. शेतीचा युरिया पाण्यात विरघळवून केलेले बनावट द्रावण ही सारी यंत्रणा बरबाद करते. डीईएफ पूर्ण संपू दिले तर अशा गाड्या बंद केल्यावर पुन्हा सुरूच होत नाहीत. तो बिघाड नव्हे, नियमाने घातलेली अट आहे.

वायरिंग

अनेक कोडांमागे यंत्र नसतेच, वायर असते. उंदरांनी कुरतडलेले हार्नेस हे आपल्या शहरांतले अगदी सामान्य कारण. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात कपलरच्या पिनांवर हिरवट गंज चढतो, सिग्नल कधी येतो, कधी जातो. अशक्त बॅटरीमुळे इंजिन सुरू करताना व्होल्टेज इतके पडते की संगणक एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा कोड एकदम नोंदवतो. असे विस्कळीत कोड दिसले तर प्रथम बॅटरी आणि अर्थिंग तपासावे. सेन्सर बदलण्याआधी त्याच्या कपलरवर मल्टिमीटर लावून पुरवठा आणि अर्थ आहे की नाही पाहणे, हे दोन मिनिटांचे काम कितीतरी नाहक खर्च वाचवते.

दुरुस्तीनंतर

कोड पुसल्यावर दिवा विझतो, पण त्याने दुरुस्ती सिद्ध होत नाही. पुसताच सर्व चाचण्यांच्या ‘पूर्ण’ नोंदीही रद्द होतात. स्कॅनरवर त्या ‘अपूर्ण’ दिसतात आणि थंड इंजिनापासून शहर व महामार्ग अशा मिश्र चालनानंतर एकेक करून पूर्ण होतात; कन्व्हर्टरच्या चाचणीला बऱ्याच गाड्यांत काही काळ स्थिर वेग लागतो. ज्या चाचणीचा कोड होता ती पूर्ण होऊन पास झाली, तरच दुरुस्ती खरी. वापरलेली गाडी विकत घेताना हेच ज्ञान उपयोगी पडते. दिवा विझलेला, पण सर्व चाचण्या अपूर्ण आणि ‘कोड पुसल्यापासूनचे अंतर’ अवघे दहा-वीस किलोमीटर असेल, तर विकणाऱ्याने दोष झाकला असण्याची शक्यता मोठी.

या व्यवस्थेच्या मर्यादाही मोठ्या आहेत. संगणक जे पाहायला शिकवला आहे तेच पाहतो. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांचे सॉफ्टवेअर प्रयोगशाळेतली चाचणी ओळखून तेवढ्यापुरते प्रदूषण आवरत होते. १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने ते उघड केले, तेव्हा रस्त्यावर नायट्रोजनची ऑक्साइड मर्यादेच्या ४० पटींपर्यंत निघत असल्याचे तिने सांगितले. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ते सॉफ्टवेअर होते आणि एकीचाही दिवा त्यासाठी पेटला नव्हता. भारतात पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाने तपासणी केल्यानंतर कंपनीने सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या दुरुस्तीसाठी बोलावल्या. स्टेज ६ च्या दुसऱ्या टप्प्यात रस्त्यावरच्या प्रत्यक्ष उत्सर्जनाची चाचणी सक्तीची झाली, त्यामागे हा अनुभव आहे.

अमेरिकेतल्या अनेक राज्यांत १९९६ नंतरच्या गाड्यांची प्रदूषण-तपासणी म्हणजे मुख्यतः ओबीडी कनेक्टरला यंत्र जोडून दिवा, कोड आणि चाचण्यांची स्थिती वाचणे. भारतातल्या पीयूसीची रीत वेगळी आहे. स्टेज ४ व नंतरच्या पेट्रोल मोटारीत आयडलला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम यांच्या आत हवे, शिवाय वाढवलेल्या वेगावर हवा-इंधनाचे प्रमाण पाहिले जाते. डिझेलमध्ये धुराची घनता. नायट्रोजनची ऑक्साइड यात मोजलीच जात नाहीत. त्यामुळे ईजीआर बंद केलेली किंवा एससीआर निकामी झालेली, डॅशबोर्डवर दिवा पेटलेली गाडीही पीयूसी पास होऊ शकते, आणि मिळालेले प्रमाणपत्र वर्षभर चालते.